1 कोटी 88 लाख डॉलरचं शून्य

मीटर रीडर महिन्यातून एकदा येतो, आकडा टिपतो आणि जातो. म्हणजे वर्षाला 12 नोंदी. स्मार्ट मीटरनं दर 15 मिनिटांनी एक नोंद केली, तर दिवसाला 96 आणि वर्षाला 35,040 नोंदी होतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या योजनेत असे 25 कोटी मीटर बसवायचं उद्दिष्ट आहे. ते सगळे बसले, तर एका दिवसात 2,400 कोटी नोंदी! त्या वीज कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचवायच्या, तर मीटरच्या पोटात रेडिओ हवा, अँटेना हवी, मोडेम हवं. स्मार्ट मीटरवरून अमेरिकेत गाजलेले पेटंटचे खटले वीज मोजण्यावरून नव्हते, मोजलेला आकडा पाठवण्यावरून होते.

अमेरिकेत 2009 मध्ये ओबामा सरकारनं स्मार्ट ग्रिडसाठी 340 कोटी डॉलरची अनुदानं जाहीर केली. 2010 मध्ये तिथं सुमारे 2 कोटी स्मार्ट मीटर होते. 2022 मध्ये ते 11 कोटी 90 लाखांवर गेले, म्हणजे देशातल्या दर 100 मीटरांपैकी 72. मीटरमागे फक्त एक डॉलर मागायचा म्हटलं, तरी 11 कोटी 90 लाख डॉलर होतात. हा गुणाकार पेटंटधारकांना सुचला नसता तरच नवल.

स्मार्ट मीटरच्या खटल्यांतलं एक अमेरिकी पेटंट, क्रमांक 53,88,101. मंजुरी फेब्रुवारी 1995 ची. पेटंटना 1836 पासून ओळीनं क्रमांक मिळत आले, त्यातलं हे सुमारे 54 लाखावं. जून 2018 मध्ये एक कोटीवं पेटंट निघालं. म्हणजे पहिल्या 54 लाखांना 159 वर्षं लागली आणि पुढची 46 लाख सव्वातेवीस वर्षांत आली, सुट्ट्यांसकट रोज सरासरी 540. नवं यंत्र बाजारात आणणाऱ्यानं एवढा ढीग चाळायचा तरी कसा?

53,88,101 चा जन्म विजेशी नव्हे, टीव्हीशी जोडलेला. प्रेक्षकानं घरबसल्या पडद्यावरच्या प्रश्नाला रेडिओवरून उत्तर पाठवावं, अशी योजना आखणाऱ्या टीव्ही आन्सर या कंपनीचं ते तंत्र. पुढे कंपनीचं नाव इऑन झालं. 2011 मध्ये इऑनच्या पेटंटांची मालकी असलेल्या कंपनीनं टेक्सासमध्ये लँडिस अँड गायर आणि इतर कंपन्यांवर दावा ठोकला. ज्यूरीसमोर निकाल लागला तो सिल्व्हर स्प्रिंग नेटवर्क्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीविरुद्ध. ही कंपनी मीटरमध्ये बसणारी संपर्क यंत्रणा बनवायची. जून 2014 मध्ये ज्यूरीनं भरपाई ठरवली 1 कोटी 88 लाख डॉलर. न्यायाधीशांनी ती सुमारे 1 कोटी 30 लाखांवर आणली.

अपिलात सगळा मामला एका प्रश्नावर येऊन ठेपला. पेटंटमधलं उपकरण ‘पोर्टेबल’ किंवा ‘मोबाइल’ होतं. मग भिंतीवरचा मीटर त्यात बसतो का? अमेरिकेतला घरगुती मीटर म्हणजे घुमटाकार झाकणाखालचं गोल यंत्र. पाठीमागची धातूची पाती भिंतीवरच्या खोबणीत दाबून तो बसवतात आणि वर वीज कंपनीचं सील लागतं. सील तोडून ओढला, तर तो हातात येतो, हेही खरं. मीटर हलवता येतो, असंच इऑनचं म्हणणं होतं. फेडरल सर्किट न्यायालयानं फेब्रुवारी 2016 मध्ये ते फेटाळलं: पेटंटमधलं उपकरण एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात फिरत असतानाही संपर्क ठेवणारं आहे, भिंतीला पक्का बसवलेला मीटर तसा नाही. तीन न्यायाधीशांपैकी दोघं या बाजूला, एक विरोधात. भरपाई शून्य. एका मताच्या फरकानं 1 कोटी 30 लाख डॉलर पुसले गेले!

ट्रान्सडेटा या कंपनीनं वेगळी वाट धरली. तिची पेटंटं मीटरच्या आत अँटेना बसवण्याबद्दलची होती, आणि तिनं थेट वीज कंपन्यांना कोर्टात खेचलं. अमेरिकी कायद्यात पेटंट घेतलेली वस्तू परवानगीविना बनवणाराच नव्हे, वापरणाराही जबाबदार असतो. वेगवेगळ्या राज्यांतले हे खटले 2011 मध्ये ओक्लाहोमातल्या एका न्यायालयात एकत्र आणावे लागले.

म्हणून मोठ्या खरेदीच्या करारात एक कलम असतं: पेटंटचा दावा आला, तर तो पुरवठादारानं निस्तरायचा. शेकडो पानांच्या निविदेत त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण आपल्या 25 कोटी मीटरांच्या हिशोबात मीटरमागे एका रुपयाचा वाद म्हणजे 25 कोटी रुपये, आणि दहा रुपयांचा म्हणजे अडीचशे कोटी. निविदेतला दर जितक्या बारकाईनं वाचतात, तितक्याच बारकाईनं हेही कलम वाचायला हवं.