रस्ता बांधणे सोपे, टिकवणे अवघड

पावसाळ्याची पहिली जोरदार सर कोसळली, की शहरांमध्ये खड्ड्यांची चर्चा सुरू होते. महापालिकेवर टीका होते, कंत्राटदारांच्या नावाने बोटे मोडली जातात, काही दिवसांत खड्ड्यांवर खडी-डांबराचा थर चढतो आणि पुढच्या सरीत तो वाहूनही जातो. शहरवासीयांना दिसणारे हे चित्र म्हणजे एका फार मोठ्या प्रश्नाचे छोटेसे टोक आहे. भारतातील रस्त्यांचे जाळे सुमारे ६३ लाख किलोमीटर लांबीचे आहे. लांबीच्या हिशेबाने अमेरिकेखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. मात्र यातील राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के असून, उर्वरित जाळे राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, शहरी रस्ते आणि खेड्यांना जोडणाऱ्या अरुंद रस्त्यांचे आहे. विकसनशील देशाने आपले रस्ते सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर या तपशिलातच दडलेले आहे.

रस्त्यांच्या नियोजनाचा विचार या देशात नवा नाही. मोटारगाड्यांची संख्या वाढू लागल्यावर १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रस्त्यांचा भार स्थानिक संस्था आणि प्रांतांना पेलणारा राहिलेला नाही, तो राष्ट्रीय प्रश्न मानला पाहिजे आणि त्यासाठी पेट्रोलवरील करातून स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस या समितीने १९२८ मध्ये केली. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. वाहनधारकाने इंधनावर कर द्यावा आणि तो रस्त्यासाठी खर्च व्हावा, हे आजही वापरले जाणारे सूत्र तेव्हाचे आहे.

पुढचा टप्पा नागपूरचा. दुसरे महायुद्ध सुरू असतानाच, डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूर येथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा तयार केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या आराखड्याने दिली. सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यानंतर १९६१ ते १९८१ साठी मुंबई आराखडा आणि १९८१ ते २००१ साठी लखनौ आराखडा आला. लांबी वाढत गेली. पण बारमाही रस्ता नसलेली लाखो गावे आणि वस्त्या शतकाच्या अखेरीसही शिल्लकच होत्या.

या पार्श्वभूमीवर दोन मोठ्या योजना जवळजवळ एकाच सुमारास आल्या. पहिली सुवर्ण चतुष्कोन. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या महानगरांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटर मार्गाचे चौपदरीकरण करण्याच्या या प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी १९९९ मध्ये झाली. दुसरी योजना प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेने एक साधा निकष ठरवला. सपाट प्रदेशात पाचशेहून अधिक, तर डोंगराळ, आदिवासी आणि वाळवंटी भागांत अडीचशेहून अधिक लोकवस्ती असलेल्या प्रत्येक वस्तीला बारमाही रस्ता मिळावा. रस्ता कोणाच्या शिफारशीवरून नव्हे, तर लोकसंख्येच्या क्रमाने मिळेल, हे यातून अभिप्रेत होते. दोन्ही योजनांना डिझेल आणि पेट्रोलवरील उपकराचा आधार होता.

ग्रामसडक योजनेतील आरंभीची मुदत २००७ ची होती. ती पाळली गेली नाही आणि पहिल्या टप्प्याचे काम पुढे अनेक वर्षे रेंगाळले. तरीही आजवर साडेसात लाख किलोमीटरहून अधिक रस्ते या योजनेतून झाले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने योजनेच्या चौथ्या टप्प्याला मान्यता दिली. त्यात आणखी २५ हजार वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधायचे असून, ७०,१२५ कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित आहे. अर्थात, योजना सुरू होऊन पाव शतक उलटल्यावरही २५ हजार वस्त्या शिल्लक असणे, हे प्रश्नाच्या व्याप्तीचे निदर्शक आहे.

रस्ता गावात पोहोचल्यावर काय घडते, याविषयी आता केवळ अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाद या अर्थतज्ज्ञांनी ग्रामसडक योजनेचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रस्ता आल्यावर शेतीबाहेरच्या कामांकडे वळणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढते; मात्र शेतीचे उत्पन्न, घरातील मालमत्ता किंवा एकूण मिळकत यांत मोठा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे रस्त्याने गावात उद्योग येतोच असे नाही. गावातील माणूस मात्र कामापर्यंत पोहोचू शकतो. शिक्षणाविषयीच्या जोड अभ्यासात उच्च प्राथमिक शाळेतील पटसंख्या वाढल्याचे दिसून आले. उलट सुवर्ण चतुष्कोनाच्या लगत, सुमारे दहा किलोमीटरच्या पट्ट्यातील जिल्ह्यांमध्ये कारखानदारी वेगाने वाढल्याचे दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. महामार्ग आणि ग्रामीण रस्ता यांची कामे वेगवेगळी आहेत आणि एकाच्या यशाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

या साऱ्या आकडेवारीत एक गोष्ट बहुधा झाकली जाते. रस्ता ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. वरून दिसणारा डांबराचा थर हा रस्त्याचा केवळ पृष्ठभाग असतो. त्याखाली खडीचे थर, त्याखाली मुरूम आणि तळाशी दाबून घट्ट केलेली माती असते. वाहनाचे वजन हे थर वाटून घेतात. या रचनेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी. डांबराला पडलेल्या बारीक चिरेतून पाणी आत झिरपले, की खालची माती मऊ होते, वाहनाच्या भाराने ती खचते आणि वर खड्डा दिसू लागतो. मराठवाडा आणि विदर्भातील काळ्या मातीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. म्हणूनच कडेचे गटार, पाणी वाहून नेणारी मोरी आणि भराव नीट असणे हे डांबराच्या जाडीइतकेच महत्त्वाचे ठरते. निविदेत मात्र अनेकदा कात्री लागते ती याच कामांना.

दुसरा शत्रू म्हणजे जादा भार. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या चाचण्यांतून एक ठोकताळा निघाला. आसावरील भार जितक्या पटीने वाढतो, त्याच्या चौथ्या घाताइतके रस्त्याचे नुकसान वाढते. भार दुप्पट झाला, तर नुकसान सुमारे सोळापट होते. भारतात २०१८ मध्ये चार चाकी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वाढ जेमतेम १३ टक्क्यांची; पण या ठोकताळ्यानुसार पूर्ण भरलेल्या आसामागे होणारे नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. मालवाहतूक स्वस्त होण्यासाठी हा निर्णय समर्थनीय असू शकतो. त्याची किंमत मात्र रस्त्याच्या आयुर्मानातून वसूल होते आणि ती देखभालीच्या तरतुदीत धरावी लागते.

नेमकी येथेच गाडी अडते. नव्या रस्त्याचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, फलक लागतो. तुंबलेली मोरी साफ केल्याचा समारंभ कोणी करीत नाही. जागतिक बँकेने १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेविषयी दिलेले उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मागील दशकात तेथे वेळच्या वेळी १२ अब्ज डॉलर देखभालीवर खर्च झाले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. ग्रामसडक योजनेत यावर एक उपाय योजण्यात आला. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पुढील पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी करारातच टाकण्यात आली आणि गुणवत्ता तपासणीसाठी जागेवर, राज्य पातळीवर आणि राष्ट्रीय पातळीवर अशी त्रिस्तरीय यंत्रणा उभारण्यात आली. खरी कसोटी सहाव्या वर्षी लागते. तेव्हा जबाबदारी राज्याकडे जाते आणि राज्याच्या तिजोरीत त्यासाठी किती पैसा आहे, यावर रस्त्याचे भवितव्य अवलंबून राहते.

गुणवत्तेची लढाई केवळ प्रयोगशाळेत लढली जात नाही, याचे स्मरण सत्येंद्र दुबे हे नाव करून देते. सुवर्ण चतुष्कोनाच्या बिहारमधील कामांतील गैरव्यवहारांबाबत या तरुण अभियंत्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले होते आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळी घालून हत्या झाली. लूटमारीतून ही हत्या झाल्याचा निष्कर्ष केंद्रीय अन्वेषण विभागाने काढला आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी मात्र या घटनेनंतर जोर धरू लागली आणि २०१४ मध्ये तो संमत झाला.

चांगल्या रस्त्याची आणखी एक किंमत मोजली जात आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले. लांबीच्या दोन टक्के रस्त्यांवर एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू, असा हा हिशेब आहे. या मार्गांवर वाहतूक मोठी असते हे खरे. पण वेग वाढतो त्या प्रमाणात गावालगतचे ओलांडमार्ग, पादचाऱ्यांची सोय, सूचनाफलक आणि तातडीची वैद्यकीय मदत वाढत नाही, हेही तितकेच खरे. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याआधीच, १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात याच महामार्गावर बसला लागलेल्या आगीत २५ प्रवाशांचा बळी गेला होता.

रस्त्यांचे जाळे सुधारणे म्हणजे केवळ किलोमीटरची बेरीज करणे नव्हे. शेवटच्या वस्तीपर्यंत बारमाही रस्ता, त्यावरून सुखरूप प्रवास आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गटार-मोऱ्यांसाठी हमखास मिळणारा निधी, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच ती सुधारणा टिकते. अर्थसंकल्प सादर होतो, तेव्हा नव्या महामार्गांच्या घोषणा ठळकपणे छापल्या जातात. देखभालीच्या तरतुदीचा आकडा मागच्या पानांत असतो. खड्ड्यांना कंटाळलेल्या नागरिकाने आधी तो शोधावा आणि आपल्या लोकप्रतिनिधीला पहिला प्रश्न त्याविषयी विचारावा.