बोलता येत नसेल तर दाखवा

'मनातलं बोल गं' म्हटलं की आपण बायका मुलांच्या परीक्षा नाहीतर गुडघेदुखीवर येऊन थांबतो. पण मैत्रिणींनो, जे बोलता येत नाही ते दाखवता येईल का?

1943 साली माया डेरेननं लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरात, नवऱ्याला बरोबर घेऊन, 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' ही छोटी फिल्म केली. संवाद नाहीत. किल्ली, पाव कापायची सुरी, फूल आणि तोंडाच्या जागी आरसा असलेली काळी आकृती. वस्तू रोजच्याच, पण तिच्या मनातली भीती आपल्याला कळते! आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकरांबरोबर 2004 मध्ये 'देवराई'तून स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचं मन जंगलातून दाखवलं. 2016 च्या 'कासव'मध्ये आतून मोडलेला तरुण आणि किनाऱ्यावरची कासवं आहेत. त्याला सुवर्णकमळही मिळालं.

आमच्या मंडळात आम्ही आठ जणींनी मोबाईलवर दोन-दोन मिनिटांची फिल्म केली. अट एकच, चेहरा नाही आणि बोलणं नाही. एकीनं दारातल्या चपला टिपल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ढकलत ढकलत तिची चप्पल पार कोपऱ्यात गेलेली. आम्ही हसलो. मग एका वहिनींची फिल्म लागली. त्यात फक्त न्हाणीघराची आतली कडी. लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर पावलांचा आवाज. कुणी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "हे घरी कुणी बघणार नाही ना?" त्यांच्यासमोरच फिल्म पुसली. पंधरा दिवसांनी त्या आपणहून म्हणाल्या, "ताई, समुपदेशकाकडे माझ्याबरोबर याल?"

तुम्हीही करून बघा. एकच वस्तू निवडा. खिडकीचा उजेड पुरतो. मोबाईल डब्यावर टेकवा म्हणजे हलणार नाही. गाणं लगेच जोडू नका, घरातले आवाज राहू द्यात. फिल्म ग्रुपवर टाकायची घाई तर मुळीच नको. कुणाला दाखवायची, की पुसून टाकायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. मैत्रिणीनं दाखवली तर "छान झालीय" म्हणून मोकळ्या होऊ नका, तिच्याजवळ थोडं बसा.

आणि आतलं फारच जड वाटलं तर फिल्मवर भागवू नका. 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं. घरात मारहाण, जाच असेल तर महिलांसाठी 181 आहे. हे दोन्ही नंबर आजच डायरीत लिहून ठेवा बरं!