नदीने कोरलेला पूल

पूल माणसे बांधतात. पण दक्षिण फ्रान्समधील आर्देश नदीवरचा 'पाँ दार्क' हा पूल नदीनेच कोरलेला आहे! चुनखडकाची ही कमान सुमारे ५४ मीटर उंच आहे. ती कशी बनली?

पूर्वी नदी येथे मोठा वळसा घेई. वळणाच्या दोन टोकांमध्ये खडकाची अरुंद भिंत होती. कार्बन डायॉक्साइड विरघळलेले पाणी सौम्य आम्लधर्मी असते. ते चुनखडक विरघळवते. त्यामुळे भिंतीतील भेगा रुंदावल्या. पुरातील वाळू-गोट्यांनी भोक आणखी मोठे केले. नदी सरळ वाटेने वाहू लागली व जुने वळण कोरडे पडले.

त्याच वळणावरील कड्यात १९९४ साली शोवे गुहा सापडली. तिच्यातील प्राचीन चित्रे सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची आहेत. आपल्या श्वासातील हाच वायू आणि बाष्प त्यांना घातक ठरू नयेत, म्हणून गुहा लोकांना बंद आहे. पाहुण्यांसाठी २०१५ पासून तिची प्रतिकृती आहे.