बॉम जेझूच्या दारी

गोव्यास जाणारे बहुतेक प्रवासी समुद्राच्या ओढीने जातात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु पणजीहून मांडवीच्या काठाने पूर्वेस अवघे नऊ-दहा किलोमीटर गेले, की माडांच्या राईतून जुन्या गोव्याची शुभ्र चर्चे दिसू लागतात. त्या शुभ्र मेळाव्यात एकच वास्तू तांबूस आहे. तीच बॉम जेझूची बॅसिलिका. ‘बॉम जेझू’ म्हणजे भला येशू, अर्थात बाळयेशू.

एके काळी हे नगर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. साथीच्या रोगांनी ते ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला. वाडे गेले, बाजार गेले. चर्चे मात्र उभी राहिली. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

वाचकहो, आत जाण्याची घाई करू नका. प्रथम अंगणात उभे राहून दर्शनी भाग पाहा. खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन मोठ्या खिडक्या, त्यांहून वर तीन वर्तुळाकार गवाक्षे आणि शिरोभागी येशूच्या नावाची आद्याक्षरे. भिंती स्थानिक जांभ्या दगडाच्या आहेत. कोरीव कामासाठी लागणारा काळा पाषाण मात्र थेट वसईहून आणला गेला. बांधकामास १५९४ मध्ये आरंभ झाला आणि १५ मे १६०५ रोजी चर्चचे विधिपूर्वक समर्पण झाले.

आत प्रवेश करताच सोनेरी मुलाम्याची मुख्य वेदी दृष्टीस पडते. बाळयेशूच्या वर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आहे. तिची दृष्टी वरच्या तेजोवलयाकडे लागलेली आहे. पाहणाऱ्याची दृष्टीही नकळत तिकडेच जाते.

उजव्या हातास संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. नवारमध्ये १५०६ साली जन्मलेले हे धर्मोपदेशक १५४२ मध्ये गोव्यास आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तले. त्यांचा देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आला. तो ज्या रुपेरी पेटीत आहे, ती सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. तिच्याखालील संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोज्जिनी यांचा असून, टस्कनीचे अधिपती तिसरे कोसिमो यांनी तो भेट म्हणून पाठविला. तो १६९८ मध्ये येथे बसविण्यात आला. गोव्याची चांदी आणि इटलीचा संगमरवर यांचा असा संगम इतरत्र क्वचितच आढळेल.

दर दहा वर्षांनी हा देह दर्शनासाठी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागील दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. गोमंतकीय भाविक झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे, अशी विनंती याच संतांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्राने केली होती, हेही इतिहासास ठाऊक आहे. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आले आणि त्याने अनेकांना दुःख दिले. मुलांनी विचारल्यास दोन्ही गोष्टी सांगाव्यात. इतिहास अर्धा सांगितला तर तो कुणाचाच राहत नाही.

आता पुन्हा बाहेर या आणि बाजूच्या भिंतीजवळ जरा थांबा. हा तांबूस रंग या वास्तूचा मूळचा नव्हे. पूर्वी हिच्यावरही इतर चर्चांप्रमाणे चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज राजवटीत, जीर्णोद्धाराच्या कामात, तो काढून टाकण्यात आला. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणच्या पावसात उघडा पडला, की तो पाणी पितो आणि हळूहळू झिजतो. आपल्याकडे जांभ्याच्या घरांना पावसाळ्यापूर्वी झडपा बांधणाऱ्यांना हे सांगावयास नको. २०२० मध्ये चर्चच्या प्रमुखांनी गिलावा पुन्हा करावा अशी जाहीर मागणी केली. उलटपक्षी, दोन-तीन पिढ्यांच्या मनात हे तांबडे रूपच ठसले आहे. सवयीचे सौंदर्य राखावे की दगडाचे आयुष्य, असा हा पेच आहे. रूप पुन्हा बदलता येते, विरघळलेला दगड मात्र परत मिळत नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

प्रवाशाच्या हाती याहून साधी गोष्ट आहे. ही निव्वळ प्रेक्षणीय वस्तू नाही. येथे आजही उपासना चालते. म्हणून अंगभर वस्त्रे नेसावीत, पादत्राणांचा व बोलण्याचा आवाज कमी ठेवावा, प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे, छायाचित्रापूर्वी फलक वाचावा आणि भिंतीवर नाव कोरण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये. शक्यतो सकाळी लवकर जावे; गर्दी कमी असते आणि ऊनही सौम्य असते.

पंढरीच्या विठोबासमोर आपण जसे नम्र होतो, तसेच परक्याच्या देवघरातही व्हावे. घरातील मुलांना सहिष्णुतेचा याहून सोपा धडा देता येणार नाही.