मनगटाचे दुखणे आणि माऊसची निवड

आपल्या भाषेत मनगट म्हणजे नुसता सांधा नव्हे, ते कर्तृत्वाचे माप आहे. मनगटाच्या जोरावर घर उभे केले, असे आपण अभिमानाने सांगतो. आपल्या बडोद्यात तर जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी अशा बळकट मनगटांच्या पिढ्या घडविल्या. त्याच गावात आज मनगट धरून येणाऱ्या माणसाने मुद्गर फिरविलेला नसतो की लाठी. त्याने दिवसभर नुसती सरकवलेली वस्तू जेमतेम शंभर ग्रॅम वजनाची असते. तिचे नाव माऊस. गणरायाने ज्याला वाहन केले, त्या मूषकाने आता आपल्याच हातावर स्वारी केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ, मनगट हा तसा माझा प्रांत नव्हे. परंतु नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत डॉक्टर हा घरातल्यासारखाच असतो. बाळाला लस टोचून झाली की आई हळूच आपला हात पुढे करते. शेजारचे गुजराती गृहस्थ ‘साहेब, कांडुं दुखे छे’ म्हणून थांबतात. व्यवसायबंधूंची स्थितीही वेगळी नाही. रुग्णाची नोंद, तपासण्यांचे अहवाल, विम्याचे कागद हे सारे संगणकावर आले आणि स्टेथोस्कोपापेक्षा माऊसच हातात अधिक काळ राहू लागला. या सर्वांचा प्रश्न एकच असतो : ‘कोणता माऊस घेऊ?’

माझे उत्तर असे, की कोणता माऊस घ्यावा हे विचारण्यापूर्वी नेमके कुठे दुखते ते पाहावे. निदानावाचून औषध देऊ नये हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. तोच नियम माऊसलाही लागू आहे. एका दुखण्यावर हितकर ठरणारे साधन दुसऱ्या दुखण्यात अपाय करू शकते.

दुखणे जुने, साधन नवे

हाताच्या अशा श्रमांची नोंद वैद्यकाला नवी नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात कारकुनांच्या पीडेची तीन कारणे दिली आहेत : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि लिहिताना चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांनंतरही यात भर घालावी असे फारसे काही नाही.

आपल्या संस्थानी दप्तरांतील मोडी कागद लिहिणाऱ्या कारकुनांचे श्रमही थोडे नव्हते. परंतु बोरू दौतीत बुडविण्यासाठी त्यांना हात वारंवार उचलावा लागे. ती क्षणभराची विश्रांती त्यांना आपोआप मिळत असे. माऊसला दौत नाही, हाच काय तो मोठा फरक!

माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपले साधन जगापुढे मांडले. त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटी पट्टी. म्हणजे मूळ कल्पनेत काम दोन हातांत वाटलेले होते. पुढे माऊस घरोघर पोहोचला, ती पट्टी मात्र मागे पडली आणि बराचसा भार एकट्या उजव्या हातावर आला.

नेमके दुखते कुठे?

दवाखान्यात चार प्रकारचे रुग्ण प्रामुख्याने दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना येणाऱ्या मुंग्या. त्या रात्री वाढतात. माणूस झोपेतून उठून हात झटकतो. हे कार्पल टनेलचे लक्षण. मनगटाच्या या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि मीडियन नर्व्ह एकत्र जातात. १९९९ साली कीर, बाक आणि रेम्पेल या संशोधकांनी निरोगी व्यक्तींच्या या बोगद्यातील दाब मोजला. विश्रांतीच्या स्थितीत तो सुमारे ५ मिलीमीटर पारा होता. माऊस दाबून धरून ओढताना, म्हणजे ‘ड्रॅग’ करताना, तो सुमारे २९ ते ३३ पर्यंत चढला. तिशीच्या आसपासचा दाब दीर्घकाळ राहिल्यास मज्जातंतूच्या रक्तपुरवठ्यास बाधा येऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते.

मात्र प्रत्येक मुंगीचे खापर माऊसवर फोडू नये. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तंत्रज्ञांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मुंग्यांच्या तक्रारी वाढलेल्या आढळल्या. तरीही संगणक हे या विकाराचे फार मोठे कारण मानता येणार नाही, असाच लेखकांचा निष्कर्ष होता. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गरोदरपण ही कारणे आधी तपासावीत. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा झिजू लागला असेल किंवा हातातून भांडे निसटत असेल, तर दुकानात न जाता थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

दुसरा प्रकार अंगठ्याच्या बाजूला मनगटात येणारी कळ. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ साली वर्णिलेला हा कंडरांचा विकार. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूस झुकविली की रुग्ण कळवळतो. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा विकार चांगला परिचित आहे, कारण तो तान्ह्या बाळांच्या आयांचा विकार आहे. बाळाच्या काखेत अंगठे घालून त्याला दिवसातून अनेकदा उचलल्याने तो बळावतो.

तिसऱ्या प्रकारात मनगटाच्या वरच्या बाजूस व कोपरापर्यंत दुखते. माऊसच्या बटणांवर तर्जनी व मधले बोट सतत अधांतरी उचलून धरल्याने हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू शिणतात. चौथ्या प्रकारात करंगळी व अनामिकेत मुंग्या येतात. त्याचे मूळ पुष्कळदा टेबलाच्या कडेत असते. तळहाताचा करंगळीकडील भाग किंवा कोपर त्या कडेवर टेकून राहिल्याने अल्नर नर्व्ह दाबली जाते.

कोणाला कोणते साधन?

साधा माऊस हा मुळात वाईट नाही. पण तो हाताच्या मापाचा हवा. तळहात त्यावर सैलसर विसावला पाहिजे. लॅपटॉपबरोबर मिळणारा इवलासा माऊस मोठ्या हाताला चिमटीत धरावा लागतो आणि चिमूट हीच सर्वांत थकविणारी पकड आहे. चपला घेताना आपण पायात घालून पाहतो. माऊस मात्र रंग पाहून घेतो, याचे आश्चर्य वाटते.

उभा माऊस हस्तांदोलन करावे तशा स्थितीत धरला जातो. त्यामुळे हाताला पडणारा पीळ कमी होतो व मनगटाची खालची बाजू टेबलावर घासत नाही. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांनी हा अवश्य वापरून पाहावा. कार्पल टनेलच्या रुग्णांनी मात्र त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. २०१५ साली अशा २१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात उभ्या माऊसने मनगटाची स्थिती सुधारली, परंतु बोगद्यातील दाब काही उतरला नाही. त्यांच्यासाठी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि दिवसा ‘ड्रॅग’ कमी करणे हेच अधिक महत्त्वाचे.

ट्रॅकबॉल हे साधन वयाने माऊसहून वडील आहे. १९५२ साली कॅनडाच्या नौदलासाठी बनविलेल्या एका यंत्रात चक्क बोलिंगच्या खेळातील चेंडू बसविला होता. यात साधन जागीच राहते आणि फक्त चेंडू फिरतो. दवाखान्यातील भरलेल्या टेबलावर याची जागा वाचते आणि खांदाही स्थिर राहतो. पण ट्रॅकबॉलचे दोन प्रकार आहेत, आणि येथेच घोटाळा होतो. एकात चेंडू अंगठ्याने फिरतो, दुसऱ्यात तो मध्यभागी असून बोटांनी फिरतो.

पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन येणारी एक तरुण आई घरून संगणकाचे काम करीत असे. मनगट दुखते म्हणून तिच्या सहकाऱ्यांनी अंगठ्याचा ट्रॅकबॉल सुचविला. तो महाग होता, नावाजलेलाही होता. तीन आठवड्यांत दुखणे इतके वाढले की बाळाला आंघोळ घालणेही तिला जमेना. बाळाला आईच्या हाताची भीती वाटावी तशी ती त्याला चाचरत उचलू लागली होती. दुखणे अंगठ्याच्या कंडरांचे आणि साधनही अंगठ्याचेच. मग आराम पडावा कसा? तो ट्रॅकबॉल तिच्या यजमानांकडे गेला. तिने साधा माऊस डाव्या हाताने वापरावयास घेतला, अस्थिरोगतज्ज्ञांनी अंगठ्याला आधार देणारा पट्टा दिला, आणि बाळाला काखेतून न उचलता एक तळहात ढुंगणाखाली व एक पाठीखाली घालून उचलावयास तिला मी शिकविले. दीड महिन्याने लसीच्या वेळी तिने बाळाला दोन्ही हातांनी सहज टेबलावर ठेवले. साधनात दोष नव्हता. ते त्या हातासाठी नव्हते, इतकेच.

टचपॅड थोड्या कामाला सोयीचे, पण तासन्तास वापरल्यास बोटे ताठरतात. लेखणीसारखे चालणारे पेन-टॅब्लेट चित्रकार व छपाईची मांडणी करणाऱ्यांना आवडते. अंगठा दुखत असल्यास त्याची चिमूट टाळावी. मनगटाखाली ठेवण्याची जेलची उशी ही केवळ थांबल्यावर टेकण्यासाठी आहे. तिच्यावर मनगट रोवून माऊस फिरविला, तर नेमका त्या बोगद्यावरच दाब येतो.

पैसा खर्च न करता होणारे उपाय

नवे साधन घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. त्यांना खर्च नाही, आणि त्यांच्यावाचून महागडे साधनही व्यर्थ जाते.

आपल्या दवाखान्यांतील टेबले बहुधा उंच असतात आणि त्यांवर काच असते. काचेची कड मनगटाला रुतते. तेथे जाड कापडाची घडी ठेवावी. खुर्ची इतकी वर घ्यावी की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. पाय लोंबू लागल्यास घरातला लाकडी पाट पायांखाली घ्यावा. संगणकाच्या कळफलकाला उजवीकडे आकड्यांच्या कळांचा जो पुठ्ठा असतो, त्यामुळे माऊस दूर ढकलला जातो. आकडेमोड करावयाची नसेल, तर त्याशिवायचा आखूड कळफलक घ्यावा. माऊस आपोआप अंगाजवळ येतो.

संगणकाच्या सेटिंगमध्ये बाणाची गती वाढवावी. हात कमी फिरवावा लागतो. विंडोज प्रणालीत ‘क्लिकलॉक’ नावाची सोय आहे, तिच्यामुळे बटण दाबून न धरता ओढता येते. नक्कल करणे, चिकटविणे, जतन करणे ही कामे कळफलकावरून करावीत. हीच आपली डाव्या हाताची पट्टी! माऊसही अधूनमधून डाव्या हाती द्यावा. प्रसाद डाव्या हाताने घेऊ नये हे खरे, पण माऊसला असा काही विधिनिषेध नाही. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, मग हात वळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात माऊसवरून उचलावा. रुग्ण बोलू लागला की माऊस सोडून त्याच्याकडे वळावे. यात मनगटाला विश्रांती आणि रुग्णाला समाधान, असे दोन्ही साधते.

लहानग्यांसाठी दोन शब्द

२०२० नंतर मुलांच्या हातीही माऊस सर्रास आला. सात वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा माऊस म्हणजे बापाचा जोडा. मुलांना लहान आकाराचा माऊस द्यावा व खुर्चीत उशी घालून त्यांची उंची वाढवावी. घरात ट्रॅकबॉल असेल तर त्याचा चेंडू सहज निघतो हे ध्यानात ठेवावे. तो रांगत्या बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये.

एक सूचना

साधन बदलल्यावर निदान दोन आठवडे थांबावे आणि रोज सायंकाळी वेदनेला शून्य ते दहा असे गुण देऊन ते वहीत टिपावेत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते समजते.

पण दोन आठवडे वापरून पाहण्यासाठी साधन आणावयाचे कोठून? दुकानदार उसने देत नाही, आणि एकेक विकत घेऊन पाहणे सर्वांना परवडणारे नाही. आपल्या ओळखीतील मांडणी करणारे कारागीर, हिशेबनीस, घरून काम करणाऱ्या मुली यांचे पोट तर या हातावरच आहे. येथे बडोद्याचाच एक वारसा आठवतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय-चळवळ उभी केली आणि पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरविली. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्याच्याही दारी ते पोहोचले. आपल्या मंडळानेही अशीच एक छोटी फिरती पेटी करावी. तीत एक उभा माऊस, एक बोटांचा व एक अंगठ्याचा ट्रॅकबॉल, एक लहान माऊस आणि एक आखूड कळफलक असावा. सभासदाने अथवा त्याने पाठविलेल्या रुग्णाने पंधरा दिवस नेऊन वापरावे, वहीत अनुभव लिहावा व पेटी परत आणावी. खर्च एखाद्या स्नेहभोजनाहून अधिक येणार नाही. वर्षअखेर त्या वहीतून आपल्याच गावातील हातांविषयी काही शिकता येईल, हा लाभ वेगळाच.

पहिला माऊस मी देतो. पेटीची जबाबदारी कोणी घ्यावी, हे येत्या बैठकीत ठरावे, ही विनंती.