डिस्प्ले गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

"साहेब, हा पार्ट रिपेअर होत नाही. पूर्ण असेंब्लीच येते." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की ते कायद्याचं कलम वाटायला लागतं. गाडी चार-पाच वर्षांची झालेली असते, वॉरंटी नुकतीच संपलेली असते आणि हातात पाच आकडी एस्टिमेट असतं. समोरचा सर्व्हिस ॲडव्हायझर खोटं बोलतोच असं नाही. त्याच्या संगणकात अख्ख्या मीटरला एकच पार्ट नंबर असतो, आतल्या सुट्या भागांचे नंबर त्याला दिसतच नाहीत. पण "आमच्याकडे दुरुस्त होत नाही" आणि "दुरुस्त होत नाही" या दोन वाक्यांत बराच फरक आहे, आणि तो फरक शेवटी आपल्या बिलात उतरतो.

डिस्प्ले म्हणून आपण दोन निराळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो. स्टिअरिंगमागचा मीटर ही एक, आणि मधोमध बसवलेला, गाणी-नकाशे-मागचा कॅमेरा दाखवणारा टचस्क्रीन ही दुसरी. दोन्हींचे आजार वेगळे, उपाय वेगळे. गैरसमज मात्र सारखेच.

"स्क्रीन काळी पडली, म्हणजे मीटर मेला"

सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. मीटर हा गाडीतल्या लांबलचक साखळीचा शेवटचा दुवा असतो. आधीचा कोणताही दुवा सुटला तरी लक्षण मीटरवरच दिसतं.

सुरुवात बॅटरीपासून करायची. गाडी बराच वेळ बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास असतो. बॅटरी थकली असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं खाली येतं की मीटर क्षणभर विझतो, काटे शून्यावर आपटतात, घड्याळ पुन्हा बारा वाजल्यापासून सुरू होतं. मालक म्हणतो, डिस्प्ले खराब झाला. खराब झालेली असते बॅटरी, नाहीतर तिचं गंजलेलं टर्मिनल, नाहीतर बॉडीला जोडलेली सैल अर्थिंगची वायर. मल्टिमीटर लावला तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवत असेल तर आधी टाकीतल्या फ्लोटवर संशय घ्यावा. इंजिनच्या तापमानाचा काटा वेडावाकडा फिरत असेल तर सेन्सर आणि त्याचा कनेक्टर बघावा. मीटर बिचारा येणारा सिग्नल दाखवत असतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. काचेच्या रबरातून किंवा सनरूफच्या तुंबलेल्या नळीतून पाणी आत झिरपतं, डॅशबोर्डमागच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि डिस्प्ले मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतो. इथे नवा मीटर बसवला तर तो काही दिवस छान चालेल. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

स्कॅनर लावला की सगळं कळतं, हाही अर्धवट समज. यू०१५५ हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की इतर कंट्रोल युनिटना मीटरकडून निरोप येत नाही. मीटर बिघडला असेल, त्याचा फ्यूज गेला असेल किंवा वायर उंदराने कुरतडली असेल. कोड शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो, कोणता पार्ट मागवायचा ते सांगत नाही.

आणि अंधाऱ्या जागी करून बघण्यासारखी एक साधी परीक्षा. इग्निशन चालू करा आणि काळ्या पडलेल्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आकडे किंवा चित्रं पुसटशी दिसली, तर एलसीडीची काच जिवंत आहे. गेला आहे तो मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट. अख्खी असेंब्ली बदलण्याचं कारण तिथेच निम्मं संपलं. (काही नव्या गाड्यांत ओएलईडी पडदे येतात. त्यांना बॅकलाइट नसतोच, त्यामुळे त्यांना ही परीक्षा लागू नाही.)

"आतलं काही दुरुस्त होत नसतं"

होतं, पण सगळं नाही. कुठली दुरुस्ती शक्य आहे ते मीटर उघडल्यावर दिसतं.

काट्याच्या मीटरमध्ये प्रत्येक काट्यामागे बोटाच्या पेराएवढी स्टेपर मोटर असते. ती झिजली की काटा अडकतो, थरथरतो किंवा भलत्याच आकड्यावर जाऊन बसतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २००३ नंतरच्या काही वर्षांतल्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांत या मोटरी इतक्या सर्रास गेल्या की त्या बदलून देण्याचा स्वतंत्र धंदाच तिथे उभा राहिला. आकड्यांतल्या आडव्या-उभ्या रेघा गायब होत असतील, तर बहुधा काच आणि सर्किट बोर्ड जोडणारी रबरी पट्टी किंवा चपटी केबल सुटत असते. स्क्रीन थंड असताना नीट आणि उन्हात तापल्यावर बंद, किंवा उलट, असं होत असेल तर सोल्डरचा एखादा जोड तडकलेला असू शकतो. पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या एलसीडीवर जो काळपट डाग पसरतो तो पुष्कळदा वरच्या पोलरायझर फिल्मचा असतो. टचस्क्रीन बोट ओळखत नसेल पण चित्र स्वच्छ असेल, तर वरचा टच पॅनेल गेलेला असतो आणि बऱ्याच मॉडेलांत तो वेगळा मिळतो.

हे काम गॅरेजमधल्या वायरमनचं नाही. टेबलावर बारा व्होल्टचा सप्लाय लावून, भिंगाखाली बोर्ड तपासणाऱ्या कारागिराचं आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांचे पार्ट मिळतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पार्ट विकणारा आणि बोर्ड दुरुस्त करणारा ही दोन वेगळी माणसं. दुकानदाराला थेट विचारावं: मीटर तुम्ही उघडता की पुढे पाठवता? उघडल्यावर काय सापडलं ते लिहून देता? दुरुस्तीला किती महिन्यांची हमी? पहिल्याच प्रश्नाला "बघू, करून टाकू" असं उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठावं.

जिथे हात टेकावे लागतात अशाही जागा आहेत. पुराच्या पाण्यात बुडून आतपर्यंत गंजलेला बोर्ड, किंवा तडा गेलेला रंगीत पडदा ज्याचं पॅनेल बाजारात येतच नाही. तिथे असेंब्लीच घ्यावी लागते आणि सर्व्हिस सेंटरचं म्हणणं खरं ठरतं.

नव्या गाड्यांत एक वेगळंच दुखणं आलं आहे. टेस्लाच्या २०१२ ते २०१८ मधल्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ मधल्या मॉडेल एक्स गाड्यांत मधल्या स्क्रीनच्या संगणकाला ८ जीबीची मेमरी चिप होती. अशा चिपवर मजकूर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. संगणक सतत नोंदी लिहीत राहिला, चिप झिजली आणि स्क्रीन बंद पडायला लागल्या. त्यांच्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याचं नियंत्रणही गेलं. असे भाग गाडीच्या अख्ख्या आयुष्यभर टिकावेत ही अपेक्षा व्यवहार्य नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेला तो पटला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांचा रिकॉल झाला आणि ज्यांनी वॉरंटीनंतर स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली होती त्यांनाही परतावा मिळण्याची सोय झाली. ज्यांनी बिल जपलं होतं त्यांना, हे वेगळं सांगायला नको.

"वॉरंटी संपली, कंपनीचा संबंध संपला"

फुकट दुरुस्तीचा करार संपला, हे खरं. पण आणखी काही दारं उघडी असू शकतात.

एक, जुनं जॉब कार्ड. वॉरंटीत असतानाच "डिस्प्ले मध्येच बंद होतो" अशी तक्रार तुम्ही केली असेल आणि "चेक केलं, ओके" असा शेरा मारून गाडी परत मिळाली असेल, तर तोच दोष वॉरंटीनंतर पुन्हा उद्भवल्यावर तो नवा मानण्याचं कारण नाही. मात्र तक्रार जॉब कार्डवर लिहिलेली हवी. ॲडव्हायझरला तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. म्हणून वॉरंटीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला सगळ्या बारीकसारीक कुरबुरी लिहून घ्याव्यात, आणि दोष दिसला त्या क्षणाचा व्हिडिओ जपून ठेवावा. सर्व्हिस सेंटरच्या दारात गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते.

दुसरं दार रिकॉलचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने ३९,५०६ ग्रँड विटारा गाड्या परत बोलावल्या. कारण होतं, स्पीडोमीटर असेंब्लीतला इंधनाचा दर्शक आणि त्याचा इशारा-दिवा बरोबर स्थिती दाखवेल याची खात्री नव्हती. तपासणी आणि बदल मोफत. चॅसिस नंबर टाकून आपली गाडी अशा मोहिमेत आहे का हे बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. पैसे भरण्याआधी ही दोन मिनिटं द्यावीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ११०अ सरकारलाही रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार देतं. अट अशी, की दोष सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका पोचवणारा हवा. गाणी वाजत नाहीत म्हणून कोणी रिकॉल करणार नाही.

तिसरं, 'गुडविल'. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सगळी सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी झाली असेल, तर डीलर कंपनीला खर्चाचा काही भाग उचलण्याची विनंती पाठवू शकतो. हा हक्क नव्हे, मर्जी आहे. तरीही न मागता मिळत नाही. काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा कंपनीच्या ग्राहक विभागाला चॅसिस नंबर, सर्व्हिसची यादी आणि एस्टिमेट जोडून शांत ईमेल लिहिलेलं बरं.

यातून काही निघालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच होते, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण इथे भाबडेपणा नको. वॉरंटीनंतर बिघडलेला भाग म्हणजे आपोआप उत्पादनातला दोष ठरत नाही. तो मुळातच सदोष होता हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. फक्त एका मीटरसाठी हा खटाटोप परवडेलच असं नाही. त्याच मॉडेलच्या पुष्कळ मालकांना तोच त्रास असेल, तर गोष्ट वेगळी.

"बाहेर हात लावला की उरलेली वॉरंटीही गेली"

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेल्यांना ही भीती हमखास घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्यावरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या, तो इतिहास लांबलचक आहे. पण त्या आदेशातला एक मुद्दा ग्राहकाने ध्यानात ठेवावा: बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. व्यवहारात सांगायचं तर, बाहेर मीटर उघडल्यावर मीटरचा दावा जाऊ शकतो. त्या कारणाने गिअरबॉक्सचा दावा नाकारला, तर कारण लेखी मागा.

"भंगारातला मीटर आणून बसवला की झालं"

बसतो, पण चालेलच असं नाही. फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत चावी ओळखणारा इमोबिलायझर मीटरमध्येच असतो. तिथे दुसऱ्या गाडीचा मीटर जुळवणी न करता लावला तर इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं, आणि मग मीटरच्या दुरुस्तीत चावीचं कोडिंगही येतं. इतर गाड्यांतही पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक, एअरबॅगची संख्या यांनुसार मीटर बदलतो. वरून सारखे दिसणारे मीटर आतून वेगळे असतात.

दुसरा प्रश्न किलोमीटरचा. जुन्या मीटरबरोबर परक्या गाडीचे किलोमीटर येतात. खरा आकडा त्यात लिहून घेणं रास्त, कमी लिहून घेणं ही पुढच्या खरेदीदाराची फसवणूक. शिवाय अनेक गाड्यांत हा आकडा इतर कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो, त्यामुळे लबाडी स्कॅनरवर उघडी पडते. मीटर काढण्याआधी आकड्याचा फोटो घ्या आणि बिलावर "मीटर बदलला, आधीचं रीडिंग इतकं" असं लिहून घ्या.

"इन्शुरन्स आहे ना!"

नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक-विद्युत बिघाड वगळलेले असतात. अपघातात किंवा पुरात मीटर गेला तर दावा होतो, तोही प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापून. झीरो डेप्रिसिएशन घेतलं असेल तर ती कपात टळते. आपोआप बंद पडलेल्या स्क्रीनला विमा नाही.

"चालतंय तोवर चालवू"

मधल्या स्क्रीनवर फक्त गाणी-नकाशे असतील तर ती बंद असतानाही खुशाल चालवा. मीटरचं तसं नाही. वेग दाखवणारं चालू उपकरण गाडीत असणं केंद्रीय मोटार वाहन नियम ११७ प्रमाणे बंधनकारक आहे. शिवाय ऑइलचा दाब, इंजिनचं तापमान, ब्रेक आणि एअरबॅग यांचे दिवे त्याच मीटरवर असतात. मीटर दुरुस्तीला दिल्यावर "तोवर तशीच चालवा" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. स्वतः मीटर काढायचा विचारही बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय करू नये. तिथून हातभर अंतरावर एअरबॅग असते.

बिलाशिवाय दुरुस्ती स्वस्त पडते, पण हमीही तिथेच संपते. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि नवी असेंब्लीच घ्यावी लागली, तर जुना मीटर परत मागा. एस्टिमेटवर 'एक्सचेंज' लिहिलेलं नसेल तर तो तुमचाच आहे. बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एखाद्याला तो विकत हवा असेल. आणि उद्या रिकॉल निघाला किंवा आयोगासमोर तज्ज्ञाची तपासणी लागली, तर तपासायला वस्तू हाताशी राहील.