बटण गेलं, नोंदी नाही

सकाळी फोन उघडावा आणि कॅलेंडरमधली अंगवळणी पडलेली सोय अपडेटने उडवलेली असावी! गूगल कॅलेंडरमध्ये 2016 साली 'गोल्स' आलं होतं. आठवड्यातून तीनदा व्यायाम, एवढंच सांगायचं. मोकळा वेळ ते स्वतः शोधायचं, मध्येच मीटिंग उपटली तर व्यायाम पुढे ढकलायचं. नोव्हेंबर 2022मध्ये ते बंद झालं. उरली ती ठरावीक वेळेला पुन्हा पुन्हा येणारी नोंद. ढकलाढकली आता आपणच करायची.

अशा वेळी तडकाफडकी नवं अ‍ॅप धुंडाळू नये. आधी पाहावं, गेलंय नेमकं काय: दाखवण्याची पद्धत की नोंदीच? बहुधा पद्धतच. आयफोनच्या आयओएस 7मध्ये (2013) महिन्याच्या चौकटींखालची कामांची यादी गेली, ती मार्च 2014च्या 7.1मध्ये परतली. तोवर नोंदी जागच्या जागीच होत्या. (भिंतीवरच्या कालनिर्णयातला दुधाचा हिशोब असा रातोरात कुणी हलवत नाही, हे खरं.)

नोंदींची प्रत मात्र स्वतःकडे हवी. बरीचशी कॅलेंडरं 'आयसीएस' फाइल काढून देतात. ती नोटपॅडमध्ये उघडली तर साधा मजकूर दिसतो: कार्यक्रमाचं नाव, सुरुवात, शेवट आणि वाढदिवस असेल तर 'दर वर्षी' सांगणारी एक ओळ. हीच फाइल दुसऱ्या कॅलेंडरमध्ये चढवता येते. रंग, जोडलेली कागदपत्रं कधीकधी वाटेत गळतात. तारखा सहसा टिकतात.

महिन्यातून एकदा ही फाइल उतरवून ठेवा. दुधाचं बिल भरता, त्याच दिवशी.